अ ब क ड

सोहराला, म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातल्या चेरापुंजीला, आम्ही दोघी बहिणी एका होमस्टेत उतरलो होतो. तिथल्या खोलीत भिंतीवर एक प्लास्टिकचा तक्ता लावलेला, आपल्याकडे गणपतीत रस्त्यावर मिळतो तसला, अक्षर आणि शेजारी चित्र. लिपी रोमन, त्यामुळे मी आपलं सवयीने ए बी सी डी म्हणत डोळे फिरवले आणि तिसऱ्या घरात अडकले. ए, बी, आणि मग थेट के. के नंतर डी. परत वाचलं. ए बी के डी. मला वाटलं छापणाऱ्याने घोळ घातलाय. घरातली पाचेक वर्षांची मुलगी तिथेच खेळत होती, तिला बोट दाखवून विचारलं तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच अडाणी आहे, आणि सगळा तक्ता एका दमात म्हणून दाखवला. तेवीस अक्षरं. सी नाही, एफ नाही, क्यू नाही, व्ही, एक्स, झेड काही नाही, पण जी च्या पुढे एन आणि जी जोडून एक वेगळंच अक्षर, आणि आय दोनदा, एकदा डोक्यावर एक टिंब, एकदा दोन टिंबं.

ताई पलंगावर पाय चोळत बसली होती. ती म्हणाली, "अगं हे आपलं अ ब क ड झालं की."

खरंच की! चिपळूणला शाळेत आमच्या तुकड्या अ, ब, क, ड होत्या (मी दहावीपर्यंत इमानेइतबारे क मध्ये) आणि पेपरातले पर्यायसुद्धा अ ब क ड. आपली वर्णमाला काही अशी नाही, कधीतरी कुणीतरी एबीसीडीला मराठी कपडे घातले आणि सी च्या जागी क बसवला. इथे खासी लोकांनीही सी काढून तिथेच के बसवलाय. दोन हजारांहून जास्त किलोमीटरवर दोन भाषांनी तीच युक्ती केलेली बघून मला फार मजा वाटली. रात्री जेवताना होमस्टेच्या मालकीणबाईंना विचारलं, हे के असं मध्येच कसं? (खासीत मोठ्या बाईला आदराने काँग म्हणतात, आपल्या ताईसारखं, त्यामुळे पुढे त्यांना काँगच म्हणते.) त्या म्हणाल्या, "वो तो चर्च का काम है."

आणि उद्या रविवार होता.

आता रविवारी आमचा डावकीच्या बाजूला जायचा प्लॅन होता पण ड्रायव्हर आदल्या रात्रीच सांगून गेलेला की चर्च झाल्याशिवाय गाडी निघणार नाही. ताईची चिडचिड झाली, पैसे मोजलेत वगैरे. मी म्हटलं आपल्याकडे गौरी विसर्जनाला कुठला रिक्षावाला मिळतो? तर सकाळी काँग छानसा धारा नेसून, म्हणजे ते खांद्यावर पिन लावतात ते कापड, तयार होऊन आल्या आणि म्हणाल्या नुसत्या बसून काय करताय, चला. आम्ही गेलो. धुकं इतकं की पुढे चालणाऱ्या काँगची फक्त छत्री दिसत होती. शेतावरून येणारी एक बाई बाजूने गेली, तिच्या पाठीवर डोक्यापासून कमरेखालपर्यंत बांबूचं आणि पानांचं उलट्या होडीसारखं काहीतरी, खासीत त्याला क्नुप म्हणतात, आणि आम्ही दोघी एकदम ओरडलो, "इरलं!" आजीच्या वेळी लावणीला बायका अशीच इरली घ्यायच्या. पावसाच्या बाबतीत आम्ही कोकणातली माणसं जरा आखडूच असतो, चेरापुंजीला जाऊनही "आमच्याकडे काय कमी पडतो का" म्हणायची तयारी ठेवून असतो, पण १८६०-६१ मध्ये इथे बारा महिन्यांत २६ हजार मिलिमीटरच्या वर पडला होता हे वाचल्यावर मी तो विषय सोडून दिला.

नॉन्गसॉलिया हे सोहरातल्या त्या वस्तीचं नाव. ईशान्य भारतातलं पहिलं प्रेस्बिटेरियन चर्च ते हेच. आत शिरल्यावर ताईने हळूच विचारलं, "मूर्ती कुठेय?" मूर्ती नसते. प्रेस्बिटेरियन लोकांचं सगळं साधं, मेणबत्त्यांची आरास नाही, उदबत्ती-धूप नाही, मेरीमाता नाही. समोर प्रवचनाची जागा, कारण त्यांच्याकडे महत्त्व शब्दाला. आणि प्रेस्बिटेरियन हा भारदस्त शब्द ज्यावरून आला त्याचा अर्थ नुसता 'वडील माणूस'. वर कुणी बिशप नाही, मंडळीतून निवडलेले वडील कारभार बघतात, त्यांच्या वर आसपासच्या चर्चांची मिळून एक सभा, तिच्या वर आणखी मोठी सभा. थोडक्यात पंचायत. मराठी ख्रिस्ती मंडळींमध्येही त्यांना वडीलच म्हणतात. इथे खासीत तिमेन बासान. मला एक गंमत वाटली, खासी समाजात कूळ आईकडून चालतं, वाडवडिलांचं घर धाकट्या मुलीकडे जातं, नवरा बायकोच्या घरी राहायला येतो, आणि त्या दिवशी पुढे बसलेले वडील मात्र सगळे बाप्ये. काँगना म्हटलं तर हसल्या फक्त.

मग गाणं सुरू झालं. मला वाटलं होतं एकजण सांगेल, बाकीचे मागून म्हणतील, भजनात असतं तसं. इथे एकदम सगळे उभे राहिले आणि चार वेगवेगळ्या पट्ट्यांतून चार वेगवेगळ्या चाली सुरू झाल्या, बायकांच्या दोन, पुरुषांच्या दोन, आणि त्या सगळ्या मिळून एक गाणं. समोर ना कोणी हातवारे करणारा, ना तालीम. माझ्या डाव्या हाताला बसलेले आजोबा, पान खाऊन ओठ लाल झालेले, ते असा खालचा सूर धरून होते की बाक थरथरत होतं. काँगच्या हातातल्या पुस्तकात डोकावलं तर शब्दांच्या वर रोमन अक्षरं आणि मध्ये मध्ये टिंबं-रेघा, डी, आर, एम... डो रे मी. स्वरलिपी! आपण सा रे ग म लिहितो तसंच. टॉनिक सॉल्फा म्हणतात त्याला, एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधल्या साध्या कामगार माणसांना गाता यावं म्हणून जी पद्धत पसरली ती वेल्समधल्या चॅपेलांनी उचलली आणि तिथून ती बोटीत बसून या डोंगरावर आली. वेल्समध्ये आता चॅपेलं ओस पडत चाललीत म्हणे. इथे बसायला जागा नव्हती.

वेल्सचा माणूस इथे कसा आला ही गोष्ट मी परत आल्यावर मिळेल तिथून वाचून काढली, आणि ती चर्चच्या वर्धापनदिनाच्या भाषणात बसेल इतकी सरळ अजिबात नाहीये.

आधी आपल्या ओळखीचा माणूस. विल्यम कॅरी. तोच, श्रीरामपूरवाला, ज्याने वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये मराठीचा कोश, तोही मोडीत. बंगालमध्ये बसून भारतभरच्या भाषांची पुस्तकं काढायचा त्याने कारखानाच घातला होता. त्याच्या हाताखाली बाप्तिस्मा घेतलेला पहिला बंगाली माणूस कृष्णचंद्र पाल, हा जातीने-धंद्याने सुतार, तो १८१३ मध्ये खासी डोंगराच्या पायथ्याशी पांडुआला येऊन गेला. मग श्रीरामपूरच्या छापखान्यातून खासीमध्ये नवा करार निघाला, १८३१ मध्ये, बंगाली लिपीत. तो वाचायला कोण होतं देव जाणे. डोंगरावर बंगाली वाचणारी माणसं किती असणार! पुढे अलेक्झांडर लिश नावाचा श्रीरामपूरचाच माणूस चेरापुंजीला येऊन राहिला, पोरं जमवून शाळा काढली, तीही बंगाली लिपीतच, आणि काही वर्षांत पैसे संपले की उत्साह संपला, तो परत गेला. १८३८ पर्यंत ते सगळं बंद.

खासी लोकांकडे स्वतःची लिपी नव्हती. पण नव्हती का, याची एक गोष्ट त्यांच्याकडे आहे आणि ती मला काँगनी भात वाढता वाढता सांगितली, नंतर वाचनातही आली. देवाने एका खासी माणसाला आणि एका परदेशी माणसाला आपापल्या धर्माचं लिहिलेलं पुस्तक दिलं. येताना वाटेत नदी लागली, पूर आलेला. परदेशी माणसाने पुस्तक डोक्यावर शेंडीला बांधलं आणि पोहून गेला. खासी माणसाने ते दातात धरलं. मध्यावर गटांगळ्या खाताना पुस्तक भिजलं, लगदा झाला आणि तो गिळून बसला. तेव्हापासून खासी लोकांचं सगळं ज्ञान पोटात. ते लिहून दाखवता येत नाही, सांगून दाखवावं लागतं. मला ही गोष्ट इतकी आवडली की मी ती आत्तापर्यंत दहा जणांना तरी ऐकवली असेल.

तर मंच रिकामा. आणि तिकडे वेल्समध्ये थॉमस जोन्स नावाचा एक तरुण, १८१० चा जन्म, हाही सुतार (सुतारांचा आणि या डोंगराचा काय ऋणानुबंध आहे कळत नाही), पुढे पिठाच्या गिरणीत काम केलेला. त्याला मिशनरी म्हणून भारतातच जायचं होतं. लंडनच्या मोठ्या मिशनरी संस्थेने तब्येतीचं कारण काढून त्याला भारताला पाठवायला नकार दिला, आफ्रिकेत जा म्हणाले. तो अडून बसला. वेल्सच्या कॅल्विनिस्टिक मेथडिस्ट लोकांचंही, म्हणजे आज ज्यांना प्रेस्बिटेरियन चर्च ऑफ वेल्स म्हणतात त्यांचं, लंडनकरांशी आधीपासून थोडं बिनसलेलं होतंच, त्यांनी १८४० मध्ये लिव्हरपूलला आपली स्वतःची वेगळी संस्था काढली आणि पहिला माणूस म्हणून याला पाठवलं. जेकब टॉमलिन नावाचा एक मिशनरी मधल्या काळात चेरापुंजीला काही महिने राहून गेला होता, त्याने सुचवलं होतं की हा डोंगर रिकामा आहे, हवा थंड आहे, तुमच्या माणसांना मानवेल. जोन्स आणि त्याची बायको अ‍ॅन नोव्हेंबर १८४० मध्ये निघाले, पाच महिन्यांनी कलकत्त्याला लागले आणि २२ जून १८४१ ला सोहराला पोचले. २२ जून! मी जरा विचार केला, ज्याला कुणी काही सांगितलं नव्हतं असा माणूस ऐन आषाढात चेरापुंजीचा डोंगर चढून येतोय, बरोबर बायको, वर धुकं, खाली चिखल, आणि ज्या भाषेत "पाऊस कधी थांबतो" विचारायचं ती भाषा येत नाही.

भाषा त्याने दोन पोरांकडून शिकली. लिशच्या जुन्या शाळेतली, थोडंफार इंग्रजी येणारी. एकाचं नाव उ दुवान राय आणि दुसरा उ जुंगखा. उ म्हणजे पुल्लिंगी, बाईमाणसाच्या नावाआधी का लावतात. जोन्सने बंगाली लिपी बाजूला ठेवली, रोमन घेतली, आणि इथे ती गंमत आहे, त्याने ती इंग्रजीच्या सवयीने वापरली नाही, आपल्या घरच्या वेल्श भाषेच्या सवयीने वापरली. वेल्शमध्ये डब्ल्यू आणि वाय हे स्वर म्हणून चालतात, खासीतला जो आखूड, अर्धवट 'अ' आहे तो म्हणून वायने लिहिला गेला. वेल्शमध्ये सी म्हणजे कायम क, म्हणून त्याने क साठी सी घेतला. पुढे सी जाऊन के आला पण जागा सी ची ती के ला मिळाली. भाडेकरू बदलला, खोली नंबर तोच. म्हणून ए बी के डी.

१८४२ मध्ये त्याचं पहिलं खासी वाचनपुस्तक निघालं आणि सोहरा, मॉसमाई, मॉम्लू अशा तीन शाळा. त्याच साली आपल्याकडे अहमदनगरहून ज्ञानोदय सुरू झालं, पण ज्ञानोदय वाचायला मराठीत आधीपासून ज्ञानेश्वरी वाचणारी माणसं होती. इथे पुस्तक काढणाऱ्यालाच वाचक तयार करायचे होते. आणि हा माणूस नुसता पुस्तकी नव्हता. करवत धरायला शिकवायचा, सुतारकाम शिकवायचा. या डोंगरात चुनखडी भरपूर, तिचा चुना भाजून खाली सिल्हेटच्या बाजूने कलकत्त्यापर्यंत जायचा, तो भाजायला लाकडाऐवजी इथलाच दगडी कोळसा वापरा हे त्याने दाखवून दिलं असं सांगतात. धर्माच्या दुकानावर मात्र गिऱ्हाईक नाही! पहिले बाप्तिस्मे झाले १८४६ साली, म्हणजे येऊन पाच वर्षं झाल्यावर, आणि तोवर विल्यम लुईस वगैरे नवे मिशनरी येऊन पोचले होते. नॉन्गसॉलियाची मंडळी आपला जन्म त्या सुमाराचा धरते.

१८४५ मध्ये अ‍ॅन बाळंतपणात गेली.

इथून पुढे सगळं फिसकटत गेलं. पुढच्याच वर्षी जोन्सने एका फारच कोवळ्या वयाच्या मुलीशी लग्न केलं. मिशनच्या बाकीच्या लोकांना ते पटलं नाही. तो शेती आणि व्यापाराच्या उलाढाली करायला लागला होता, तेही पटलं नाही. वेल्समधले संचालक तर कधी हा डोंगर बघितलेलेच नव्हते आणि पत्र जायला-यायला काही महिने. शेवटी १८४७ मध्ये संबंध तुटले. ज्याने मिशन सुरू केलं त्यालाच मिशनमधून काढलं. मी त्याची बाजू घेणार नाही, ते दुसरं लग्न मलाही खटकतं, आज खटकतं आणि तेव्हाही लोकांना खटकलं होतं म्हणजे नुसता काळाचा फरक म्हणून सोडूनही देता येत नाही. पण या बाहेर पडलेल्या दोन वर्षांत त्याने जे केलं ते मिशनमध्ये राहून त्याला जमलं असतं का, असं राहून राहून वाटतं.

सोहरात तेव्हा हॅरी इंग्लिस नावाचा बडा व्यापारी होता. चुना म्हणा, संत्री म्हणा, डोंगरातून खाली जाणाऱ्या मालावर त्याची पकड, आणि स्थानिक लोकांवर जुलूम. दाद कुणाकडे मागायची? तर तिथला सरकारी अधिकारी कर्नल लिस्टर, आणि लिस्टर हा इंग्लिसचा सासरा. पोलीस पाटील जावई आणि मामलेदार सासरे, आपल्याला हे चित्र समजावून सांगायला नको. जोन्सने खासी लोकांच्या बाजूने इंग्लिसविरुद्ध तक्रारी केल्या, वरपर्यंत लिहिलं. गोरा माणूस गोऱ्या माणसाविरुद्ध, तेही मिशनने झटकून टाकलेला, पाठीशी कुणी नाही. इंग्लिसने त्याचं जगणं अशक्य करून सोडलं. शेवटी अटक टाळायला जोन्स जयंतियाच्या जंगलांतून पळत खाली उतरला, वाटेत मलेरियाने गाठलं, आणि १६ सप्टेंबर १८४९ ला कलकत्त्यात मेला. वय एकोणचाळीस. पुरलं तिथल्या स्कॉटिश कबरस्तानात. वेल्सच्या माणसाला शेवटी स्कॉटिश जमीन. काही वर्षांनी, १८५३ मध्ये, मिल्स नावाचा अधिकारी सरकारने या डोंगरावर पाठवून चौकशी करवली, पण तोवर जोन्स हयात नव्हता.

त्याला काढलं ते १८४७ साल माझ्या डोक्यात बसलंय त्याला आणखी एक कारण आहे. त्याच वर्षी वेल्समध्ये शाळांची पाहणी करून इंग्रज सरकारने निळ्या पुठ्ठ्यांचे अहवाल काढले, त्यात वेल्श लोक अडाणी, अनीतिमान आणि त्याचं मूळ त्यांची भाषा आणि त्यांची चॅपेलं, अशा अर्थाचं लिहिलेलं. वेल्समध्ये त्या अहवालाला आजही फितुरी म्हणतात. कित्येक शाळांत वेल्श बोललेल्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे, दिवसअखेर ज्याच्या गळ्यात तो त्याला छडी. म्हणजे घरी स्वतःच्या भाषेसाठी पोरं मार खातायत आणि त्याच देशातली माणसं इथे येऊन दुसऱ्या एका लहान भाषेला पाटी-पेन्सिल देतायत. त्यांना ते जाणवत असेल का? की नुसतं बायबल पोचवायचं होतं आणि बाकी ओघाने झालं? बहुतेक दुसरंच. पण एक आहे, ज्याची भाषा लहान ठरवलेली असते त्याला दुसऱ्याची लहान भाषा ऐकू येते. इंग्रज माणूस आला असता तर त्याने सरळ इंग्रजी शिकवली असती, असं आपलं मला वाटतं.

पुढचं पटकन सांगते. लुईसने नवा करार खासीत आणला, जॉन रॉबर्ट्स १८७१ मध्ये आला आणि १८९१ पर्यंत अख्खं बायबल खासीत झालं. सोहरातच १८८७ मध्ये पाळक तयार करायची शाळा निघाली. सरकारी कारभार मात्र १८६० च्या दशकात उठून शिलाँगला गेला आणि सोहरा जे गाव राहिलं ते गावच राहिलं. १२ जून १८९७ चा तो भयंकर भूकंप झाला, त्यात या डोंगरावरची दगडी घरं, चर्चं सगळं आडवं झालं, परत उभं केलं. १९०५ मध्ये वेल्समधल्या धर्मजागराची लाट इथे येऊन पोचली. १९६९ मध्ये शेवटचे वेल्श मिशनरी परत गेले. आता मंडळी पूर्ण खासी, पाळक खासी, हिशोब खासी आणि भांडणंही खासी, हे काँगचे शब्द.

पण मला या सगळ्यात जास्त रस वाटला तो जीबन रॉय या माणसात. सरकारी नोकरीत मोठ्या हुद्द्यापर्यंत चढलेला खासी गृहस्थ. मिशनचा जोर वाढत चालला, आपला जुना धर्म आता राहतो की नाही अशी वेळ आली, तेव्हा याने १८९६ मध्ये शिलाँगला स्वतःचा छापखाना घातला, री खासी प्रेस, आणि १८९७ मध्ये खासी धर्मावर पुस्तक काढलं. १८९९ च्या नोव्हेंबरमध्ये सोळा तरुणांनी मिळून सेंग खासी ही संघटना काढली, ती आजही आहे, त्यामागेही रॉय यांची प्रेरणा. आता हे पुस्तक कुठल्या लिपीत? जोन्सच्या! बायबल वाचता यावं म्हणून जी अक्षरं घडवली त्याच अक्षरांत "आम्हाला आमचा धर्म आहे" हे छापलं गेलं. गिळलेलं पुस्तक पोटातून बाहेर आलं ते असं. आपल्याकडेही मिशनऱ्यांना उत्तरं द्यायला आपल्या लोकांनी छापखानाच वापरला की, विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर वाद घालायचे आणि तो वाद पुढे छापूनही आला.

काँगच्या स्वतःच्या घरात याचं उदाहरण होतं. त्या पक्क्या चर्चवाल्या, त्यांच्या आईकडच्या एका मामांचं घर सेंग खासीवालं. (मामा म्हणजे तिथे केवढं प्रस्थ, बापापेक्षा त्याचा शब्द मोठा.) मी विचारलं मग जमतं का? म्हणाल्या लग्नाला-मयताला सगळे येतात, सुपारी सगळे एकच खातात. तिथे सुपारी म्हणजे क्वाई, ओली, जबरदस्त, ताईला पहिल्याच तुकड्याला घाम फुटला आणि कान लाल झाले. मेलेल्या माणसाबद्दल खासीत म्हणतात की तो आता देवाच्या घरी क्वाई खातोय. चर्चवाले पण असंच म्हणतात का, विचारलं. तर म्हणाल्या, पाळक म्हणत नाहीत, आम्ही म्हणतो.

आणि जोन्सला काढलं होतं हे चर्चमध्ये सांगतात का? मी हा प्रश्न घाबरत घाबरत विचारला, कारण पाहुण्याने असलं काही काढू नये. त्या भांडी विसळत होत्या. मान न वळवताच म्हणाल्या, "हां, झगड़ा हुआ था. मीटिंग में झगड़ा तो होता ही है." आणि पुढे, जोन्सची ती कलकत्त्याची कबर, तिच्यावर खासी अक्षरांचा आणि साहित्याचा जनक असं लिहिलंय, आमच्या इथली माणसं जाऊन येतात, असं सांगितलं. २०१८ मध्ये मेघालय सरकारने २२ जून हा थॉमस जोन्स दिन म्हणून जाहीर केलाय. ज्याच्या मागे अटकेचं वॉरंट होतं त्याच्या नावाने आता सरकारी दिवस.

त्या दिवशी चर्च सुटल्यावर बाहेर सगळे छत्र्या उघडत गप्पा मारत उभे होते, धुकं थोडं वर सरकलं होतं आणि एकदम समोर दरी आणि दरीच्या पार खाली बांगलादेशचं सपाट पाणी चमकताना दिसलं. काँगनी आम्हाला चार-पाच बायकांना भेटवलं, सगळ्या खुब्लेई खुब्लेई म्हणत हात मिळवत होत्या. आत एका गाण्याला ताईचे डोळे भरून आले होते, तिला विचारलं तर म्हणाली झोप येत होती. संध्याकाळी काँगनी आम्हाला 'री खासी' गाऊन दाखवलं, खासी लोकांचं आपल्या भूमीवरचं गाणं, शब्द जॉन रॉबर्ट्सचे आणि चाल थेट वेल्सच्या राष्ट्रगीताची. ती छोटी पण मध्ये मध्ये सामील होत होती, शब्द चुकवत.

परत येताना कलकत्त्याला विमान बदलायचं होतं, मध्ये सहा तास. मी म्हटलं कबरस्तान कराया रोडला आहे, टॅक्सीने जाऊन येऊ. ताई म्हणाली गरियाहाटला तांतच्या साड्या. बराच वेळ वाद झाला, टॅक्सीत बसल्यावरसुद्धा चालू होता, टॅक्सीवाला बिचारा आरशातून बघतोय की या बायकांना नक्की जायचंय कुठे. शेवटी साड्याच झाल्या, दोन तिच्या, एक माझी. दुकानात गाठोडं बांधेपर्यंत ताई काहीतरी गुणगुणत होती. मी कान दिला तर 'री खासी'.

दुकानदार म्हणाला, "दिदी, कोन शिनेमार गान?"

ताई म्हणाली, "चर्चमधलं आहे," मग जरा थांबली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "का गं, ते चर्चमधलं होतं की त्यांचं घरचं?"